फाइल परत येत नाही, म्हणून कायदा फोल?

“थ्रीडी प्रिंटरवर बंदूक छापता येईल अशी डिजिटल फाइल म्हणजे निव्वळ माहिती. तिच्यावर बंदी घालणे म्हणजे अभिव्यक्तीवर घाला घालणे. शिवाय एकदा इंटरनेटवर गेलेली फाइल कोणताही कायदा परत आणू शकत नाही,” असा युक्तिवाद सध्या सर्रास फिरवला जातो. त्यातला शेवटचा मुद्दा वरकरणी बिनतोड वाटतो, म्हणून आधी तोच घेतो.

मे २०१३ मध्ये ‘लिबरेटर’ या प्लास्टिकच्या पिस्तुलाच्या फायली अमेरिकेत खुल्या झाल्या. निर्यात नियमांवर बोट ठेवून परराष्ट्र खात्याने त्या उतरवायला लावल्या, पण तोवर त्या सुमारे १ लाख वेळा डाउनलोड झाल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत, हे कबूल. मात्र फाइल नाहीशी करणे हा अशा कायद्यांचा हेतूच नसतो. कॅनडाच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार बंदूक बनवण्याच्या किंवा तिचा बेकायदा व्यापार करण्याच्या उद्देशाने असा डेटा बाळगणे हा गुन्हा आहे. तसा वापर होणार हे ठाऊक असताना तो इतरांना देणे हाही गुन्हाच. म्हणजे पकड फाइलवर नाही, माणसाच्या हेतूवर आहे.

अभिव्यक्तीच्या मुद्द्यासाठी सांकेतिकीकरणाच्या (एन्क्रिप्शनच्या) सॉफ्टवेअरविषयीचा, संगणकाचा कोड ही अभिव्यक्तीच आहे असे मानणारा १९९९ चा अमेरिकी अपील न्यायालयाचा निकाल हमखास पुढे केला जातो. तो पुनर्सुनावणीसाठी मागे घेण्यात आला होता, हे मात्र कोणी सांगत नाही. दुसऱ्या एका अपील न्यायालयाने २००१ मध्ये, डीव्हीडीचे कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रामच्या खटल्यात, कोड ही अभिव्यक्ती असली तरी तो काम करणारे साधनही असतो आणि त्या कामाचे नियमन करता येते, असे म्हटले. थ्रीडी प्रिंटिंगची एसटीएल फाइल, म्हणजे वस्तूचा आकार नोंदवणारी फाइल, मजकुराच्या स्वरूपात उघडून पाहावी: त्रिकोणांच्या कोपऱ्यांचे आकडे, ओळींमागून ओळी. वाचणाऱ्याला त्यातून काही उमगत नाही. आकार घडतो तो यंत्रामार्फत.

“स्वतःसाठी घरी बंदूक बनवणे अमेरिकेत कायदेशीरच आहे” हे संघराज्याच्या कायद्यापुरते बव्हंशी खरे आहे. पण धातुशोधकाला न सापडणाऱ्या बंदुकीवर तिथे १९८८ पासून बंदी आहे, आणि न्यू जर्सीने २०१८ मध्ये परवानाधारक उत्पादक नसलेल्यांना अशा फायली पुरवणे गुन्हा ठरवले.

टीकाकारांचे एका ठिकाणी मला पटते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये २०१५ पासून अशी फाइल विनापरवाना नुसती बाळगली तरी १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंदूक बनवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट तिथे नाही, आणि कॅनडाचा कायदा नेमका याच बाबतीत उजवा ठरतो.