एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: दुसरा पीटीओ आणि रोटाव्हेटरचा तुटलेला क्रॉस

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. दोन पीटीओ (इंजिनाच्या ताकदीवर मागचं यंत्र फिरवणारे शाफ्ट) म्हणून जास्तीचे पैसे मोजले, दुसऱ्या शाफ्टवर रोटाव्हेटर लावला तर दोन वेळा क्रॉस (जोडशाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा तुकडा) तुटला, रेस कमी ठेवली तर ट्रॅक्टर दम धरत नाही, आणि मेकॅनिक चार दिवसांनी आला, असं तुम्ही लिहिलंय.

आधी चार दिवसांचं. वाफसा कुणासाठी चार दिवस थांबत नाही. उशीर आमचा आहे, माफी मागतो.

दुसरी चूकही आमचीच. 'हजारच्या शाफ्टवर काम दुप्पट वेगानं उरकेल' असं तुम्हाला शोरूममध्ये सांगितलं गेलं. विक्रीच्या मुलाला विचारलं, त्यानं कबूल केलं. हे साफ चुकीचं होतं, आणि तुमचं नुकसान तिथूनच सुरू झालं.

मागचे दोन शाफ्ट वेगवेगळ्या यंत्रांसाठी आहेत. ६ दात्यांचा मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, २१ दात्यांचा १००० फेऱ्यांचा. जाडी दोन्हींची ३५ मिलिमीटर, पण दाते मुद्दाम वेगळे, एकाचं यंत्र चुकूनही दुसऱ्यावर चढू नये म्हणून. तुमचा रोटाव्हेटर ५४० चा. तो बसावा म्हणून बाजारातून अडॅप्टर आणलात आणि ती आडकाठीच निघून गेली. ५४० चं यंत्र १००० वर फिरवलं की वेग १.८५ पट होतो, पण फिरणाऱ्या भागांना बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळजवळ ३.४ पट. त्यात दगड लागला की पहिला क्रॉस जातो.

मेकॅनिकनं आणलेला क्रॉस मी स्वतः पाहिला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपातल्या बेअरिंगच्या सुया तापून निळ्या पडल्या होत्या, दोन कपांत तर नुसता भुगा होता. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर जोडणाऱ्या शाफ्टच्या आतल्या नळीच्या टोकावर चकचकीत घासलेली कडी दिसली. अडॅप्टरमुळे लांबी वाढली, रोटाव्हेटर वरखाली होताना नळीला सरकायला जागाच उरली नाही, आणि तो सगळा दाब क्रॉसवर आणि पीटीओच्या बेअरिंगवर आला.

रेस कमी ठेवण्याचं तुम्हाला सुचलं, पण हजारच्या शाफ्टवर ५४० फेऱ्या मिळवायच्या तर इंजिन जवळपास निम्म्या आरपीएमवर आणावं लागतं. तिथे त्याच्यात रोटाव्हेटर ओढायची ताकद नसते. रेस वाढवली की क्रॉस तुटतो, कमी केली की इंजिन बसतं. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, इंजिनात दोष नाही.

माती बारीक हवी असेल तर रोटाव्हेटर ५४० वरच ठेवा आणि ट्रॅक्टर एक गिअर खाली चालवा. रोटाव्हेटरला मल्टिस्पीड गिअरबॉक्स असेल तर गिअरची जोडी बदलून पात्यांचा वेग वाढवता येतो, ते आम्ही करून देऊ. १००० चा शाफ्ट मुळात त्याच वेगासाठी बनवलेल्या, जास्त एचपी खाणाऱ्या मोठ्या यंत्रांचा. तेवढीच ताकद जास्त वेगानं दिली की शाफ्टवर पीळ कमी पडतो, हा त्याचा खरा फायदा.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. मेकॅनिक म्हणाला, शाफ्टवरचं प्लास्टिकचं गार्ड घासत होतं म्हणून तुम्ही काढून ठेवलंय. ५४० वर शाफ्ट सेकंदाला ९ फेरे घेतो, १००० वर जवळपास १७. उपरण्याचं टोक अडकलं तर पाय क्लचवर जाईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. गार्ड घासत असेल तर नवं बसवू, पण गार्डाशिवाय पीटीओ टाकू नका. घरातलं दुसरं कुणी चालवत असेल तर त्यालाही सांगा.

अडॅप्टर आजच काढा. मेकॅनिक उद्या सकाळी येईल, नवा क्रॉस आणि गार्ड आमच्याकडून, शाफ्टची लांबीही रोटाव्हेटर खाली-वर करून मोजून देईल. पीटीओचं बेअरिंग तपासायला सांगितलंय, खराब निघालं तर तेही आम्ही बदलू.

आणि दादा, तुमच्याकडची रोटाव्हेटर, मळणी यंत्र आणि फवारणीचा ब्लोअर ही तिन्ही यंत्रं ५४० ची आहेत. विकण्याआधी आम्ही हे विचारायला हवं होतं. मोठं यंत्र घ्यायचा विचार नसेल तर ट्रॅक्टर एका पीटीओच्या मॉडेलशी बदलून घ्या, फरकाचे पैसे परत देतो. कागद तयार ठेवलेत, तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी स्वतः बसतो.