‘जितकं खोल, तितकं शुद्ध’ हे बोअरच्या पाण्याला लागू नाही

‘बोअरचं पाणी म्हणजे निसर्गाचा फिल्टर. जितकं खोल, तितकं शुद्ध. उकळून द्या, लेकरांना काही होत नाही. आपले आजोबा हेच पाणी प्यायले. दातांवर डाग पडले तर तो घासण्याचा आळस.’ हा मेसेज मला पालकांच्या गटावर आला, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो आहे.

फिल्टरची गोष्ट अर्धी खरी आहे. माती-मुरूम गाळ अडवतात, बरेच जंतूही अडवतात. पण खडकातली खनिजं पाण्यात विरघळतात, त्यांचं काय? ग्रॅनाइटसारख्या खडकांत फ्लोराइड असतं. पाणी जितकी वर्षं भेगांत मुरून राहतं, तितकं ते पाण्यात उतरत जातं. म्हणजे खोली हेच अनेकदा दुखणं ठरतं. नांदेडमधलं किनवट, यवतमाळमधलं पांढरकवडा, चंद्रपूरमधलं वरोरा, या तालुक्यांत फ्लोराइडचा त्रास जुना आहे. पाणी नितळ असतं, वास नसतो, जिभेला काही कळत नाही. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत.

उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट दोन लिटर पाणी आटून दीड लिटर उरलं, तर दोन लिटरमधलं सगळं फ्लोराइड त्या दीड लिटरमध्ये राहतं. नायट्रेटचंही तसंच. खतं आणि शोषखड्डे यांतून ते बोअरमध्ये झिरपतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जास्त नायट्रेटच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. फ्लोराइडचं म्हणाल, तर आईच्या दुधात ते अगदी नगण्य उतरतं.

आजोबांचं म्हणाल, तर ते आडाचं किंवा उथळ विहिरीचं पाणी प्यायले. आपल्याकडे गावोगाव बोअर आणि हातपंप आले ते बहात्तरच्या दुष्काळानंतर.

दातांचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे पडणारे, डाग दात हिरडीत घडत असतानाच पडतात, साधारण आठव्या वर्षापर्यंत. आधी खडूसारख्या पांढऱ्या रेघा, मग पिवळे-तपकिरी पट्टे. ब्रशने ते निघत नाहीत. म्हणजे ज्या मुलाला आपण ‘दात घासत जा रे’ म्हणून चारचौघांत बोलतो, त्याने काहीच चुकवलेलं नसतं. तोंडावर हात धरून हसणारी मुलं मी पाहिली आहेत. पुढे हाडं धरतात. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर पाय वाकतात. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०२४ मध्ये मध्यम खात्रीने नोंदवलं आहे.

कँडलचा फिल्टर, क्लोरीन, हंड्यात फिरवलेली तुरटी यांवर विसंबू नका. आरओ किंवा सक्रिय अ‍ॅल्युमिनाचा (फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर उपयोगी पडतो. तुरटी आणि चुना मोजून वापरायची ‘नालगोंडा’ पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवली, पण ती शिकलेल्या हातानेच करायची. पिण्यापुरतं साठवलेलं पावसाचं पाणी तर उत्तमच. त्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा: अंगणवाडीजवळच्या हातपंपाचं पाणी शेवटचं कधी तपासलं, आणि फ्लोराइडचा आकडा किती आला?