खेळाडू आहे ना, मग त्याला काय धाड भरलीय?

खेळाडू मनाने इतरांपेक्षा कणखरच असतो असं धरून बोललेलं हे वाक्य ऐकलं की मला अजूनही त्रास होतो. मी बारा वर्षं खेळले, मग लिगामेंट फाटलं आणि खेळ सुटला. तेव्हा एमआरआय, बर्फ, फिजिओ सगळं वेळेवर झालं, पण रात्र रात्र झोप लागत नाहीये हे कुणाला कळलंच नाही, आणि मीही बोलले नाही कारण भीती एकच, की बोलले तर सगळे म्हणणार ही कच्ची निघाली.

अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सकडे 28 ऑलिम्पिक मेडल आहेत, त्यातली 23 गोल्ड. तोच माणूस सांगतो की 2012 च्या ऑलिम्पिकनंतर त्याला जगावंसंच वाटत नव्हतं. अभिनव बिंद्राही 2008 च्या गोल्डनंतर आलेल्या रिकामेपणाबद्दल मोकळेपणाने बोललाय. म्हणजे हरल्यावरच मन खचतं असंही नाही, ज्याच्यासाठी रोज पहाटे उठत होतो ते एकदा मिळालं की उद्या कशासाठी उठायचं हा प्रश्न उरतोच.

आणि अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स! 2021 ला टोकियोत टीम फायनल चालू असताना ती थांबली तर लोकांनी तिला काय काय ऐकवलं. तिचं झालं असं होतं, की हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत याचं भानच जातं, जिम्नॅस्ट त्याला ट्विस्टीज म्हणतात, तशात उडी मारली आणि मानेवर पडली तर आयुष्यभराचं अपंगत्व. तिथे थांबायलाच हिंमत लागते, माझं ठाम मत आहे. 2024 ला पॅरिसमध्ये तिने तीन गोल्ड घेतली, पण नसती घेतली तरी मी हेच म्हटलं असतं.

आता काही जण म्हणतील की खेळाडूंचा रेझिलियन्स स्कोअर, म्हणजे संकटातून सावरण्याची ताकद मोजणाऱ्या चाचणीतले गुण, जास्त येतो. येतो बऱ्याचदा, पण ज्यांना झेपलं नाही ते आधीच खेळ सोडून गेलेले असतात, त्यांना कोण मोजतं? शिवाय खेळाडूला कोच असतो, टीम असते, ठरलेलं वेळापत्रक असतं, आज हरलो तरी उद्या प्रॅक्टिसला जायचंच असतं. यातलं किती त्याच्या मनाचं बळ आणि किती आजूबाजूच्या माणसांचं? मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या जवळपास 700 मुलांचा कित्येक दशकं अभ्यास केला, त्यात फार कठीण घरांतून आलेली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे पाठीशी असलेलं निदान एक भरवशाचं मोठं माणूस.

मग जी बाई कधीच मैदानावर गेली नाही, नोकरी करून अंथरुणाला खिळलेल्या आईचं वर्षानुवर्षं करतेय, तिला कोच कुठला, ऑफ सीझन कुठला? ती एक दिवस कोसळली की मात्र आपण म्हणतो, मनाने कमकुवत होती.

माझ्याबाबतीत एक जुनी टीममेट रोज संध्याकाळी फोन करायची. खेळाबद्दल एक शब्द नाही, जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. काउन्सेलरकडे पहिल्यांदा गेले तेही तीच सोबत आली म्हणून.