गच्ची नेमकी कुणाची?

डोंबिवली पूर्वेला, आमच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या लाँड्रीच्या पायरीवर रोज रात्री नऊच्या सुमारास आम्ही चौघे बसतो. चौघेही एकाच इमारतीतले: तळमजल्यावर वन रूम किचनमध्ये राहणारा, रिक्षा चालवणारा बापू, तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचे निवृत्त अण्णा, बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर असलेला दादू, आणि सोसायटीचा खजिनदार या नात्याने सर्वांची बोलणी खाणारा मी. एरवी आमचे विषय लोकलच्या गर्दीपासून मुलांच्या नोकऱ्यांपर्यंत कुठेही भरकटतात. पण गेल्या आठवड्यात अण्णांच्या स्वयंपाकघराच्या छताचे प्लॅस्टर थेट कुकरवर कोसळले आणि त्या रात्रीपासून पायरीवर दुसरा विषय निघालेला नाही.

कुकरचे झाकण चेपले, ओटा फुटला. वहिनी त्या क्षणी दाराशी भाजीवालीशी बोलत होत्या, एवढेच नशीब. दादूने वर जाऊन हातोडीने छत ठोकून पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक भाग बद्द वाजला. उघड्या पडलेल्या सळईवर त्याने स्कूटरची किल्ली फिरवली, तर गंजाचे पापुद्रे खारीच्या बिस्किटासारखे सुटून खाली पडले. “लोखंड गंजले की फुगते आणि आतून काँक्रीटला ढकलून फोडते,” तो म्हणाला. “वरून पुट्टी मारून रंग दिला तरी आतले फुगणे थांबत नाही. पाणी गच्चीतून येते आहे. आधी ते बंद व्हायला हवे.”

गच्चीचे वॉटरप्रूफिंग, गंजलेल्या सळयांची दुरुस्ती, पार्किंगमधल्या खांबांना जॅकेटिंग (म्हणजे खांबाभोवती सळया-काँक्रीटचे नवे आवरण) आणि बाहेरचे प्लॅस्टर मिळून अंदाजपत्रक आले आहे २८ लाखांचे. सदनिका सोळा, म्हणजे समान वाटणी केली तर प्रत्येकी १,७५,०००.

बापूचा आक्षेप सरळ होता. “अण्णा, तुमचे छत पडले याचे मला वाईट वाटते, पण माझ्या डोक्यावर गच्ची नाही, तीन मजले आहेत. रिक्षाचा हप्ता, पोरीच्या बारावीच्या क्लासची फी आणि आईची औषधे भागवून महिन्याअखेर माझ्या हातात काय राहते ते मला विचारा. ज्याचे छत गळते त्याने ते करावे.”

अण्णा एकेकाळी कंपनीत हिशेबनीस होते. आता त्यांना ईपीएस ९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतली, जी पेन्शन मिळते, तिच्यात दोघांचा महिन्याचा किराणाही बसत नाही आणि मुलगा कंत्राटी नोकरीत आहे. ते चिडतील असे मला वाटले होते, पण त्यांनी शांतपणे उत्तर दिले: “बापू, गच्ची माझी असती तर मी तिच्यावर कुलूप लावून पापड वाळत घातले असते. होळीला, कोजागिरीला ती सर्वांची असते आणि गळायला लागली की माझी होते, हे कसे?”

या मुद्द्यावर नियम अण्णांच्या बाजूने आहे आणि तो मी वाचून दाखवला. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठी सरकारने घालून दिलेल्या नमुना नियमांनुसार, गच्ची, बाहेरच्या भिंतींची गळती आणि छतांची संरचनात्मक दुरुस्ती हा सोसायटीचा खर्च आहे. एवढेच नव्हे, तर गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घराचे छत किंवा त्याचे प्लॅस्टर खराब झाले, तर तेही सोसायटीनेच दुरुस्त करून द्यायचे असते. घराच्या आतल्या बाकीच्या दुरुस्त्या मात्र ज्याच्या त्याने कराव्यात. शिवाय खांब सर्व मजल्यांचे ओझे वाहतात आणि ते उभे आहेत बापूच्याच दाराशी.

बापू वाचनाने गप्प बसणारा नाही. त्याने विचारले, “मग माझ्या तीनशे फुटांना आणि तुमच्या साडेचारशे फुटांना एकच वर्गणी कशी?” येथे मात्र तो बरोबर होता. पाणीपट्टी नळांवर आणि सेवाशुल्क सर्वांना सारखे असले, तरी दुरुस्ती निधी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या, म्हणजे पर्यायाने क्षेत्रफळाच्या, प्रमाणात धरायचा असतो. आठ लहान आणि आठ मोठ्या सदनिकांचा हिशेब मी तिथेच मोबाइलवर केला: लहान घराला १,४०,०००, मोठ्याला २,१०,०००. पस्तीस हजारांचा हा फरक माझ्याही अंगावर येणार होता, कारण माझे घर मोठ्यांपैकी आहे. त्यामुळे आकडा उच्चारताना माझा आवाज थोडा खाली गेला, हे कबूल करतो.

खरा घोळ मात्र वेगळाच आहे आणि तो मला वहीत सापडला. उपविधींत दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के सांगितला आहे. १९८८ साली आमच्या मोठ्या सदनिकेचा बांधकाम खर्च ६०,००० धरला गेला होता. त्यावर वर्षाला ४५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेसदतीस. सिमेंट, वाळू, मजुरी यांचे भाव कुठच्या कुठे गेले आणि आम्ही मात्र नियमात बसतो म्हणून ते साडेसदतीस रुपयेच भरत राहिलो. ३६ वर्षांत एका घराचे १६,२०० जमा झाले आणि त्यांतलेही अर्धे पंप व टाकीच्या किरकोळ कामांत गेले. ‘किमान’ या शब्दाचा अर्थ आम्ही ‘कमाल’ असा लावला. सर्वसाधारण सभेला हा दर वाढवता येतो. २००६ मध्ये तो महिन्याला ३०० करण्याचा ठराव आला होता आणि त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत मी पुढे होतो. तेव्हा माझ्या घराचे हप्ते चालू होते. बापूला आज जे वाटते तेच तेव्हा मला वाटत होते, म्हणून त्याला कद्रू म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही.

पुनर्विकासाचा मुद्दाही निघाला, पण फार वेळ टिकला नाही. बिल्डर येणार म्हणून गेली आठ वर्षे आम्ही खिळाही ठोकलेला नाही आणि सहा मीटरच्या गल्लीत एकही बिल्डर दुसऱ्यांदा आलेला नाही.

पैसे उभे कसे करायचे यावर मात्र रात्रीचे साडेअकरा वाजले. थकबाकीदाराला व्याज लावता येते, असे मी म्हणताच बापू उठून उभा राहिला. “माझ्याच शेजाऱ्याने मला सावकारासारखे व्याज लावायचे?” दादूने त्याला हात धरून बसवले आणि कामाचे तीन तुकडे सुचवले: पावसाळ्यात गच्चीवर भक्कम ताडपत्री टाकावी आणि पार्किंगमधल्या खांबांना आधाराचे टेकू द्यावेत, दिवाळीनंतर गच्ची आणि खांब, व बाहेरचे प्लॅस्टर आणि रंग पुढच्या वर्षी. रंग शेवटी, कारण तो सर्वांना आधी हवा असतो. अण्णा म्हणाले की पहिल्या हप्त्यासाठी ते वहिनींच्या पाटल्या बँकेत तारण ठेवतील, पण भिशीला हात लावणार नाहीत, कारण ती नातीच्या बारशाची आहे. वहिनींना अजून विचारलेले नाही.

बापूने बोटे मोजून हिशेब केला: १,४०,००० तीन वर्षांत म्हणजे महिन्याला ३,९००, दिवसाला १३०. “दोन जास्तीच्या फेऱ्या,” तो स्वतःशीच म्हणाला. “पण ठेकेदाराचे प्रत्येक बिल जिन्यातल्या फळ्यावर लागले पाहिजे, आणि वर्गणी फुटांवर. नाहीतर मी सही करणार नाही.”

विशेष सभेची नोटीस मी आज लिहायला घेतली आहे. ‘वर्गणी क्षेत्रफळाप्रमाणे’ हे शब्द लिहून एकदा खोडले होते. आता पुन्हा लिहिले आहेत.