साठी गाठताय? मग रेल्वेने जाण्याआधी एवढं वाचाच

साठी जवळ आलीय आणि आता रेल्वेचं तिकीट स्वस्तात पडेल असं मनात असेल तर तेवढं मनातच ठेवा, बाहेर कुठे बोलू नका, लोक हसतात. पूर्वी होतं तसं. पुरुषाला साठीनंतर 40 टक्के, बाईला अठ्ठावन्नपासून 50 टक्के, नुसतं वय टाकलं की झालं. मग 20 मार्च 2020 ला कोरोना आला म्हणून बंद केलं, म्हाताऱ्यांनी उगाच फिरू नये, काळजीपोटी हो! कोरोना गेला, मास्क गेले, गाड्यांना पुन्हा लोंबकळायची गर्दी आली, काळजी काही गेली नाही. त्याआधी दोन-तीन वर्षं रेल्वे आपल्याला विचारायची की सवलत आपणहून सोडता का, पूर्ण सोडा, जमत नसेल तर अर्धी सोडा. आपण आढेवेढे घेतले. शेवटी त्यांनीच आपल्या वतीने सोडून टाकली, एवढा मान कोण देतं हल्ली म्हाताऱ्यांना.

पण निराश होऊ नका, मार्ग आहेत.

पहिला म्हणजे खासदार व्हा. एकदाच निवडून या, पुढच्या वेळी डिपॉझिट गेलं तरी चालतंय. माजी खासदाराला रेल्वे फुकट, सोबत कोणी असेल तर सेकंड एसी, एकटे असाल तर फर्स्ट एसी. वयाची अट नाही, गुडघे ठणठणीत असले तरी मिळतं.

ते जमत नसेल तर नीट बघून आजार निवडा. कॅन्सर, किडनी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, टीबी असे ठराविक आजार यादीत आहेत आणि त्यांची सवलत चालू आहे, ती असायलाच पाहिजे, त्यात मस्करी नाही. मस्करी आपल्या आजारांची आहे. गुडघेदुखी, मोतीबिंदू, जिना चढताना लागणारा दम, आणि पेन्शन नसणे, यातलं एकही यादीत बसत नाही. नुसतं म्हातारपण तर आजारच नव्हे, ती आपली वैयक्तिक हौस.

लोअर बर्थचा कोटा मात्र अजून आहे, पुरुषांना 60 आणि बायकांना 45 च्या पुढे. फक्त एक करा, सोबत मुलगा-सून-भाचा कोणी घेऊ नका. एकट्याने जा नाहीतर दुसरा म्हातारा गाठा, कारण तरुण माणूस त्याच तिकिटावर आला की कोटा लागत नाही. म्हणजे बॅग उचलायला माणूस न्यायचा तर अप्पर बर्थवर चढायची तयारी ठेवायची, आणि खालचा बर्थ पाहिजे तर बॅग आपली आपण उचलायची. दोन्हीत व्यायाम आहे.

आणि कोणी म्हणालं की हा अन्याय आहे तर त्याला सांगा, संसदेत उत्तर आलंय की प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के सूट आधीच मिळते. म्हणजे पंचविशीतला लाखभर पगाराचा आयटीवाला आणि सत्तरीतली आपली आत्या, दोघांना सारखीच. याला समता म्हणतात! ज्येष्ठांची सवलत बंद ठेवून पाच वर्षांत रेल्वेला जवळपास 9 हजार कोटी जास्तीचे मिळाले असं माहितीच्या अधिकारात बाहेर आलंय, तेव्हा आपण देशासाठी काही केलं नाही असं निदान मरताना तरी वाटणार नाही.

एसटीचं नाव मात्र काढू नका, मन भरकटतं. तिथे 75 च्या पुढे फुकट, 65 पासून निम्मं, शिवाय 2023 पासून बायकांना सरसकट निम्मं. आमच्या आत्याने तर कंडक्टरला हिशोबच मांडून दाखवला, ज्येष्ठ म्हणून निम्मं आणि बाई म्हणून निम्मं, झालं की फुकट! तो म्हणाला, "आज्जी, निम्मं एकदाच असतंय." तरी त्या निम्म्यात खूश होऊन ती स्टँडवर उतरली, रस्ता ओलांडला आणि रेल्वे स्टेशनात शिरली. त्या एका रस्त्यात तिचं म्हातारपण कुठे गळून पडलं देव जाणे.

रिझर्वेशनच्या खिडकीशी तिने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरातलं आधार काढलं, फॉर्मवर वयाच्या रकान्यात 71 लिहिलं आणि खाली पेनाने दोन रेघा ओढल्या, जुनी शाळामास्तरीण ना. आतला क्लार्क म्हणाला, आजी, रेघा मारल्या तरी पैसे तेवढेच. मी पण म्हटलं, अगं आत्या, कशाला.

"असू दे रे," ती म्हणाली, "पुन्हा चालू केलं तर मागचे एरिअर्स मागता येतील." आणि तिकीट घडी घालून आधारच्याच कव्हरात ठेवून दिलं, आधीच्या सहा तिकिटांबरोबर.