ढगाआडचं खग्रास: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आम्ही सगळे २००९ सालचं खग्रास सूर्यग्रहण पाहायला सुरतेला जमलो होतो, त्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं मी दोन-तीनदा वाचलं. बाकीच्यांना शोधायला लागू नये म्हणून थोडक्यात इथे देते. तुमचं म्हणणं असं: "सूर्य ढगाआड होता, मग पाहिलं काय? ठाण्यातूनही नव्वद टक्क्यांच्या वर ग्रहण होतंच. त्यासाठी सत्तावीस माणसं, म्हातारी आई आणि गरोदर भावजय घेऊन भर पावसात सुरत गाठायचा अट्टहास कशाला? ग्रहण पाहायला गाव सोडून जाणं आपल्यात नाही. स्वतःच्या हौसेसाठी आईला तुम्ही तिची श्रद्धा सोडायला लावलीत. आणि सुरतेत साडेसहा मिनिटं अंधार होता, हे साफ चूक आहे."

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. ६ मिनिटं ३९ सेकंद हा त्या ग्रहणातला सर्वाधिक काळ होता खरा, पण तो प्रशांत महासागरावर. सुरतेच्या वाट्याला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच आली. या शतकातलं सगळ्यात लांबलेलं खग्रास, एवढंच डोक्यात राहिलं आणि आकडा मी सुरतेला लावून टाकला. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

बाकीचं मात्र मला मान्य नाही.

नव्वद टक्के दिसतंय म्हणजे जवळजवळ सगळंच दिसतंय, असं मलाही पूर्वी वाटायचं. पण खग्रासच्या वेळी सूर्याभोवती जो प्रभामंडल दिसतो, तो सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकाच उजळ असतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राइतका. बिंबाचा १ टक्का जरी उघडा राहिला, तरी तो प्रभामंडलाच्या दहा हजार पट उजळ पडतो. मग प्रभामंडल दिसत नाही, तारे दिसत नाहीत, रात्रही होत नाही. ठाणे चंद्राच्या गडद सावलीच्या पट्ट्याबाहेर होतं आणि सुरत आत. ठाण्यातली सकाळ थोडी मळभल्यासारखी झाली असेल, सुरतेत काळोख पडला. हौसेला मोल नसतं म्हणून आम्ही गेलो नव्हतो. जे तिथे होणार होतं, ते ठाण्यात होणारच नव्हतं.

आता आईबद्दल. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी १९८० च्या शनिवारी मी आठ वर्षांची होते. खग्रासचा पट्टा कारवारजवळच्या अंकोल्यापासून पुरी-कोणार्कपर्यंत गेला होता आणि ठाण्यातही दुपारी सूर्याचा बराच भाग झाकला होता. नौपाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. आईने खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, दुधावर आणि लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र ठेवलं आणि आम्हा चार भावंडांना आतल्या खोलीत बसवलं. दादा दाराच्या फटीशी गेला, तर त्याच्या पाठीत धपाटा बसला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळकडे गल्लीत "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी हाक आली, तेव्हा कुठे दार उघडलं. आईने तांदूळ घातले, आंघोळी झाल्या, चूल पेटली. आम्ही काहीच पाहिलं नव्हतं.

२००९ च्या मे महिन्यात पेपरात पट्ट्याचा नकाशा आला. तो आईने पाहिला. ताई सुरतेला उधन्याला राहते. आईने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे ताईच्या घरावरून जातंय. तेव्हा तुम्हाला कोंडलं, मीही कोंडून घेतलं. आता मला बघायचंय." तिचं वय तेव्हा ७४ होतं. सगळ्यांना फोन तिनेच केले. डोंबिवलीचा दादा, ऐरोलीची मावशी, पुण्याचे काका, खारघरची आतेभावंडं, कुणालाच तिने सोडलं नाही. "लग्नाला उशिरा आलात तरी जेवायला मिळतं. हे सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी आहे, ते तुमच्यासाठी थांबणार नाही," असं ती प्रत्येकाला सांगत होती. गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याच कार्याला आमच्या घरची एवढी माणसं एका वेळी हजर नव्हती.

तिने श्रद्धा सोडली, असं तुम्ही धरून चाललात. सूर्य ग्रस्तोदित, म्हणजे ग्रहण लागलेलाच उगवणार, म्हणून वेध आदल्या संध्याकाळपासूनच लागले, असा तिचा हिशेब. त्यानंतर तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. आम्ही रात्री ताईकडे पोटभर जेवलो आणि वाढायला तीच उभी होती. आम्ही तिला खा म्हटलं नाही, तिने आम्हाला खाऊ नका म्हटलं नाही. यात कोण कुणापुढे वाकलं, ते मला खरंच दिसत नाही.

भावजयीला पाचवा महिना होता. डॉक्टरांनी प्रवासात जपायला सांगितलं, ते आम्ही जपलं. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून बोरिवली गाठेपर्यंत माझाच जीव वरखाली होत होता. ग्रहणाच्या सावलीने गर्भाला काहीही होत नाही. विळी हातात धरू नकोस, असं तिच्या आईने फोनवर सांगितलं होतं, ते तिने पाळलं. त्यावर वाद घालावा, असं मला वाटलं नाही. वाद घालायचाच तर डोळ्यांवरून घालावा: दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, वेदना कळत नाही, त्यामुळे उघड्या सूर्याकडे पाहताना ते भाजतंय, हे तेव्हा कळत नाही. म्हणून ग्रहणाचे चष्मे मी प्रत्येकासाठी मोजून घेतले होते, आणि एक्स-रेची फिल्म घेऊन आलेल्या काकांकडून ती काढून घेतली होती.

ग्रहणासाठी गाव सोडणं आपल्यात नाही, हे वाचून मी थोडी चकित झाले. सूर्यग्रहणाला कुरुक्षेत्री स्नानाला जायची प्रथा किती जुनी आहे! भागवताच्या दशम स्कंधात मोठं सूर्यग्रहण येतं, तेव्हा द्वारकेहून यादव कुरुक्षेत्राला जातात, गोकुळाहून नंद-यशोदा आणि गोपी येतात, कुंतीही येते. कितीतरी वर्षांनी माणसं एकमेकांना भेटतात. कुंती वसुदेवाला म्हणते, माझ्यावर संकटं आली तेव्हा तुम्हा कुणाला माझी आठवण झाली नाही. भावाकडे बहिणीने करायची तक्रार, तीही ग्रहणाच्या गर्दीत. आईला ही कथा कीर्तनातून पाठ होती आणि गाडीत तिने ती पोरांना सांगितली. ताई सुरतेला दिल्यापासून आमच्यातलं कोण किती वेळा तिच्याकडे गेलं, हे त्या वेळी डब्यातल्या प्रत्येकाने मनात मोजलं असणार. मी तरी मोजलं.

आणि शास्त्राच्या बाजूने पाहायचं, तर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून होते, आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडहून विजयदुर्गाला आले होते. सावली जिथे पडते, तिथे माणसं जातात.

राहिला ढगांचा प्रश्न.

सूर्य दिसला नाही, हे खरं. ताईच्या गच्चीवर आम्ही पूर्वेकडे तोंड करून उभे होतो आणि समोर नुसता राखाडी पडदा होता. पोरं रडकुंडीला आली होती. आणि काळोख आला तो पाठीमागून, समुद्राच्या बाजूने. आधी पश्चिमेकडचे ढग शाईसारखे झाले, मग ती शाई डोक्यावरून पुढे सरकली, आणि दोन-चार श्वासांत गच्चीचा कठडा दिसेनासा झाला. कावळ्यांचा गलका बंद पडला. खालच्या गल्लीतून लोकांच्या आरोळ्या आल्या.

त्या दिवशी आषाढ अमावास्या होती, दिव्यांची अवस. ताईने घरातले सगळे दिवे आदल्या दुपारीच चिंचेने घासून गच्चीवरच्या खोलीत पाटावर मांडले होते. ग्रहणात दिवे लावावेत की नाही, यावर रात्री मावशी आणि आई यांचं बरंच बोलणं झालं होतं. काळोख झाला तशी आई उठली आणि समई पेटवून बाहेर घेऊन आली. मावशी काही म्हणाली, त्यावर आई म्हणाली, "अंधार पडला की दिवा लावायचा, त्याला मुहूर्त कसला?"

आभाळ मोकळं असतं, तर आम्ही सत्तावीसच्या सत्तावीस जण वर पाहत राहिलो असतो. वर पाहायला काही नव्हतं, म्हणून त्या समईच्या उजेडात आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दादाचे केस पांढरे झालेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ताई आईच्या मागे उभी होती, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून. मग पश्चिमेकडूनच उजाडायला लागलं आणि कावळे पुन्हा सुरू झाले. चंद्राची सावली आमच्या अंगावरून गेली होती. तुम्ही विचारता, पाहिलं काय. हे पाहिलं.

आई २०१८ साली गेली.

सूर्यग्रहणं सारोस नावाच्या चक्रात येतात: १८ वर्षं, ११ दिवस आणि वर साधारण ८ तास. त्या ८ तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा फिरते, म्हणून त्याच मालिकेतलं पुढचं ग्रहण दुसऱ्याच मुलखात पडतं. सुरतेचं ग्रहण ज्या मालिकेतलं, तिच्यातलं पुढचं २ ऑगस्ट २०२७ ला आहे. सावली स्पेनच्या दक्षिण टोकावरून उत्तर आफ्रिकेत जाईल आणि इजिप्तमधल्या लक्सरला ६ मिनिटांहून जास्त वेळ खग्रास असेल. आमच्यातले सहा जण तिकडे जायच्या तयारीत आहेत. भावजयीच्या पोटात होती ती मुलगी त्यांच्याबरोबर जाणार आहे, तेव्हा ती सतरा वर्षांची असेल. बाकीचे पाचपाखाडीत आमच्या गच्चीवर जमतील. ठाण्यातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, ढगांनी जागा दिली तर.

त्या दिवशीही आषाढ अमावास्याच आहे. समई मी ताईकडून आणून ठेवली आहे.