दुसऱ्याच्या रानातून

इथे इंग्लंडमध्ये दर बँक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) आधी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न येतो, "कुठे जायचं?" उत्तरंही ठरलेली. बोर्टन-ऑन-द-वॉटर किंवा बायबरी ही जुनी दगडी गावं, लॅव्हेंडरची शेतं, नाहीतर समुद्र. मग सकाळी सातला तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे भरून चार गाड्या निघणार. तीन तास मोटरवेवर, पाऊण तास पार्किंग शोधण्यात, त्या जुन्या दगडी घरांच्या ओळीसमोर फोटो, आइस्क्रीम, परत. मी स्वतः हे सहा वर्षं केलंय, त्यामुळे नाक मुरडायचा मला थोडाफार हक्क आहे असं धरून चाला.

माझं म्हणणं असं, की या देशातली फिरण्याची सगळ्यात भारी गोष्ट फुकट आहे आणि आपण तिच्याकडे बघतसुद्धा नाही. बसस्टॉपच्या मागे, चर्चच्या कुंपणाला लागून, कुणाच्या तरी गोठ्याशेजारी एक लाकडी खांब असतो. त्यावर छोटा पिवळा बाण. तो बाण म्हणजे पब्लिक फुटपाथ. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक हक्काच्या वाटा सुमारे १,४०,००० मैल आहेत, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटर. त्या बहुतेक खाजगी जमिनीतून जातात. कुणाच्या गव्हातून, कुणाच्या मेंढरांमधून, कधी तर चक्क कुणाच्या अंगणातून. आणि तुम्ही वाटेवर असाल तर मालक तुम्हाला अडवू शकत नाही.

"पब्लिक राइट ऑफ वे" हे ऐकायला कोर्टाच्या कागदासारखं वाटतं. आपल्याकडे त्याला फार चांगला शब्द आहे: वहिवाट. लोक वर्षानुवर्षं चालत आले म्हणून झालेली वाट. इथला कायदाही जवळजवळ तेच म्हणतो. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, परवानगी न मागता चालत असतील, तर ती वाट सार्वजनिक केली आहे असं साधारणपणे गृहीत धरलं जातं.

हे मला कळलं ते आप्पांमुळे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझे वडील साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून पहिल्यांदा इकडे आले. मँचेस्टर दाखवून दोन दिवसांत संपलं. तिसऱ्या दिवशी त्यांना ट्रेनने ईडेल गावाला घेऊन गेले. पाऊण तासाचा प्रवास, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर डोंगरच. ईडेलहून पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग सुरू होतो, स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत २६८ मैल. आम्हाला त्यातला दीडदोन मैलच करायचा होता, शेतांमधून अपर बूथ या वाडीपर्यंत.

पहिल्याच फाटकाशी आप्पा थांबले.

"आगं, दुसऱ्याच्या रानात कुठं शिरतीस?"

मी म्हटलं, "वाट आहे आप्पा. सगळेच जातात."

"मालकानं इचारलं तर?"

ज्या माणसाने आमच्या पाणंदीसाठी भावकीशी अकरा वर्षं भांडण केलं, त्याला दुसऱ्याच्या शिवारात पाय टाकायला लावणं सोपं नव्हतं. आमच्या पाणंदीची गोष्ट तशी साधीच. चुलत्याने एका सालात तीन फूट नांगरली, दुसऱ्या सालात आणखी दोन, आणि मग ऊस बाहेर काढायला बैलगाडी जाईना. पुढे अर्ज, पंचनामा, तारखा, आणि लग्नाकार्यात एकमेकांकडे पाठ. आप्पांच्या लेखी वाट म्हणजे ही.

तेवढ्यात मालकच आला. क्वाड बाइकवर, मागे कुत्रा. आप्पांनी सवयीने हात जोडून "राम राम" केला. त्याने हात वर केला, "मॉर्निंग" म्हणाला आणि फाटक लावून घ्यायला सांगून निघून गेला. आप्पा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "काय बोलला?"

"फाटक लावा म्हणाला."

"बास?"

त्यानंतर ते असे काही चालले की मला पळावं लागलं. कोकणातल्या गडग्यासारख्या बिनचुन्याच्या दगडी भिंती हात लावून बघितल्या. कोकरांवरचे रंगीत आकडे कशासाठी ते विचारलं (आई आणि पिल्लू यांचा आकडा एकच असतो, चुकामूक झाली तर जोडी लावायला). पुढे जेकब्ज लॅडर नावाच्या चढाच्या पायथ्याशी एक चिंचोळा दगडी पूल आहे, ओझी वाहणाऱ्या तट्टांसाठी बांधलेला. त्या कठड्यावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथे मी त्यांना इथला नियम सांगितला. शेतामधून आडवी जाणारी पायवाट शेतकऱ्याने नांगरली तरी चालते, पण चौदा दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंद करून पुन्हा काढून द्यावी लागते.

"आन् नाही दिली तर?"

"कौन्सिल नोटीस काढते."

"नोटीस आपल्याकडं बी काढत्यात," आप्पा म्हणाले.

खरंय त्यांचं. इथे सगळं सोन्याचं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. आमच्या घराजवळच्या एका वाटेवर कुणीतरी काटेरी तार बांधली होती. मी कौन्सिलला फोटोसकट कळवलं आणि तार निघायला सात महिने लागले. पण निघाली. त्यासाठी मला कुणाशी वैर घ्यावं लागलं नाही, हा फरक मला मोठा वाटतो.

हा हक्कसुद्धा काही कुणी ताटात वाढून दिलेला नाही. ईडेलच्या डोक्यावर जे पठार दिसतं ते किंडर स्काउट. उंची ६३६ मीटर, आपल्या कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही. शंभर वर्षांपूर्वी हे सगळं माळरान ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना रविवारी मोकळा श्वास घ्यायला हाच डोंगर जवळचा, आणि तिथे दांडकी घेऊन राखणदार उभे. २४ एप्रिल १९३२, रविवार. पलीकडच्या हेफील्ड गावातल्या दगडाच्या खाणीतून सुमारे चारशे माणसं ठरवून वर चढली. पुढारी कोण, तर बेनी रॉथमन नावाचा मँचेस्टरचा वीस वर्षांचा पोरगा. वर राखणदारांशी झटापट झाली, खाली उतरल्यावर पोलिसांनी धरपकड केली, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. आरोप दंगलीचे आणि मारहाणीचे, कारण नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा फौजदारी गुन्हा नव्हताच.

गंमत म्हणजे तेव्हाच्या अधिकृत भटक्या संघटनांचाच या प्रकाराला विरोध होता. या एका रविवाराने नेमका किती फरक पडला यावर अजूनही वाद होतात. मला विचाराल तर चढाईपेक्षा शिक्षेने जास्त काम केलं. डोंगरावर गेलेल्या पोरांना तुरुंग, हे लोकांच्या पचनी पडलं नाही. १९४९ साली कायदा झाला, कौन्सिलांना आपल्या हद्दीतल्या वाटा शोधून नकाशावर चढवाव्या लागल्या. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे किंडरचाच हा परिसर, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. २००० च्या कायद्याने माळरानांवर वाट सोडूनही मोकळं फिरायची मुभा दिली. आणि २००२ मध्ये, सत्तर वर्षांनी, तेव्हाच्या जमीनमालकाच्या वारसाने, ड्यूक ऑफ डेव्हनशरने, जाहीर माफी मागितली. (लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं तेही १९३२ सालीच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला उगाच बरं वाटतं.)

आता नेहमीचे आक्षेप.

"सह्याद्रीची सर नाही." नाहीच. राजगडावरून दिसणारी सकाळ इथे मिळणार नाही, आणि किंडरच्या माथ्यावर तर बघण्यासारखं म्हणजे काळी दलदल आणि वारा. पण सह्याद्रीत आपण गड गाठायला चालतो. इथल्या वाटा कुठेच पोचवत नाहीत, आणि आप्पांना सगळ्यात नवल याचंच वाटलं. "नुसतं चालायला? काम नसताना?" मला हे समजायला बरीच वर्षं लागली. पावसाळी रविवारी एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या पबपर्यंत चार मैल चिखल तुडवायचा, मध्ये तीन फाटकं, एक ओढा, दोन घोडे, एवढाच कार्यक्रम. चिखलाचे बूट दाराशी काढून आत गेलं की सूप मिळतं.

"तिकडे आपली माणसं नसतात, सगळे बघतात." हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. मीही ते बघणं अनुभवलंय. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या अहवालातही कबुली होती की आमच्यासारख्या अनेकांना ही राष्ट्रीय उद्यानं परकी वाटतात. पण बघणारे बहुतेक वेळा बघून "मॉर्निंग" म्हणतात. आणि आपण गेलोच नाही तर आपण दिसणार कसे?

"गाईबैल अंगावर आले तर?" हा मात्र बरोबर प्रश्न. दुधाळ जातीचा, दहा महिन्यांवरचा वळू पायवाटेच्या शेतात सोडायला कायद्याने बंदी आहे. खरा धोका वासरं असलेल्या गाईंचा, विशेषतः तुमच्याबरोबर कुत्रा असेल तर. लांबून वळसा घाला. आल्याच अंगावर, तर कुत्र्याची साखळी सोडून द्या. तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

तेव्हा बायबरीचं पेट्रोल वाचवा आणि एक नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा, नारिंगी कव्हरचा, चार सेंटीमीटरला एक किलोमीटर. त्यावर हिरव्या तुटक रेघा दिसतील, त्या आपल्या. फोनवरही मिळतो, पण दरीत रेंज जाते आणि थंडीत बॅटरी बसते. माझा किंडरचा नकाशा सध्या घरात नाही. आप्पा जाताना घेऊन गेले. चावडीवर उलगडून दाखवतात म्हणे, आणि चुलत्यांच्या मुलाने फोटो काढून नेलाय.

मी नवा आणलाय. येत्या रविवारी हेफील्डहून निघतोय, त्या खाणीपासूनच. आठ मैल, चढ आहे, पाऊस बहुतेक असणारच. ज्यांना यायचंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा. जीन्स घालू नका, ओली झाली की वाळत नाही. मोज्यांचे दोन जोड आणा. पुऱ्या मी आणते.